नाव कोरलं, पण राखलं कोणी? जुन्नरच्या लेण्यांपासून चॅटवरच्या टोपणनावापर्यंत

‘पूर्ण नाव?’

आपल्यातल्या एकाही पोराला हा प्रश्न नवा नाही. पहिलं नाव सांगून भागत नाही. समोरच्याला आडनाव हवं असतं. आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव विचारतात, गावावरूनही कळलं नाही तर ‘गावात घर कुठल्या बाजूला?’ इथपर्यंत चौकशी जाते. खोली भाड्याने घ्यायची असो की नवीन नोकरीचा पहिला दिवस असो, हा प्रश्न नाव जाणून घेण्यासाठी नसतोच. तो जात काढण्यासाठी असतो.

म्हणून वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी सायबर कॅफे आले आणि चॅटिंग सुरू झालं, तेव्हा आपल्या पोरांना त्या खोक्यात एक वेगळीच मोकळीक सापडली. तिथं आडनाव नव्हतं. एक टोपणनाव घ्यायचं आणि बोलायला लागायचं. त्या टोपणनावाला लोक हसायचे, भांडायचे, कधी मानही द्यायचे, पण पाण्याचा माठ वेगळा ठेवत नव्हते. आजच्या पिढीचं तर निम्मं आयुष्य अशाच नावांनी चालतं. म्हणून आज विषय घेतलाय तो नाव नोंदवण्याचा आणि नोंदवलेलं नाव राखण्याचा. ही दोन वेगळी कामं आहेत. आपण पहिलं करतो आणि दुसरं विसरतो. हे सांगायला मी तुम्हाला जुन्नरला नेणार आहे, पण आधी चॅटच्या नेटवर्कचा इतिहास थोडक्यात बघू.

१९८८ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यानं आयआरसी नावाची गप्पांची यंत्रणा तयार केली. तिथं प्रत्येकाला एक ‘निक’ म्हणजे टोपणनाव लागायचं, पण ते कुणाच्या मालकीचं नसायचं. कसेल त्याची जमीन, तसं वापरेल त्याचं नाव. तुम्ही वर्षभर एका नावाने बोलत आलात, लोक तुम्हाला त्या नावाने ओळखू लागले, आणि एका रात्री वीज गेली म्हणून तुम्ही बाहेर पडलात की दुसरा कुणीही तेच नाव घेऊन तुमच्या मित्रांशी बोलायला मोकळा. तुमच्या नावाने शिव्या देऊन जाईल आणि निस्तरायचं तुम्ही. नाव बळकावणं हा तिथं एक उद्योगच झाला होता. दोन सर्व्हरमधला दुवा तुटला की त्या फटीत टपून बसलेले लोक दुसऱ्याचं नाव उचलायचे.

यावर तोडगा निघाला नोंदणीचा. १९९४ साली सुरू झालेलं डालनेट हे नेटवर्क ‘निकसर्व्ह’ या सेवेमुळे गाजलं. व्यवस्था सोपी होती. पासवर्ड देऊन नाव एकदा नोंदवायचं. पुढच्या वेळी आत आलात की पासवर्ड सांगून ‘हा मीच’ असं सिद्ध करायचं. सिद्ध केलं नाही तर निकसर्व्ह इशारा देतं आणि नाव काढून घेतं. तुम्ही नसताना कुणी ते नाव घेऊन बसलं असेल तर त्याला हाकलायची आज्ञाही असते. मात्र एक अट असायची. ठरावीक दिवस तुम्ही त्या नावाने आलाच नाहीत तर नोंद आपोआप रद्द होते. नाव पुन्हा मोकळं, कुणीही घ्यावं.

पासवर्ड, वापर आणि नोंदवही कुणाच्या ताब्यात आहे, या तीन गोष्टी लक्षात ठेवा. आता चला जुन्नरला.

कल्याण-सोपाऱ्याकडून घाटमाथ्यावर चढणारी जुनी वाट नाणेघाटातून जुन्नरला येते. घाटाच्या तोंडाशी एक लेणं आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणांची यादी आहे, गाईंचे आणि कार्षापणांचे आकडे आहेत. म्हणजे राजघराणं वैदिक यज्ञ करत होतं. हे आपण लपवायचं कारण नाही. मला त्या लेण्याची मागची भिंत जास्त महत्त्वाची वाटते. तिथं एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती ओळीने होत्या आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव कोरलेलं होतं. सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, भाय कुमार, महारठी त्रणकयिर, हकुसिरि कुमार, सातवाहन कुमार. आज मूर्ती गेल्या. नावं मात्र आहेत. दगडातलं माणूस पुसलं गेलं आणि डोक्यावरची पाटी दोन हजार वर्षं टिकली. सातवाहन घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला या पाट्यांपाशी यावं लागतं. नोंदणीची ताकद ती हीच.

राजाचं नाव टिकलं यात नवल वाटायला नको, त्याच्याकडे पाथरवट आणि पैसा दोन्ही होते. नवल आहे ते जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत. शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री आणि तुळजा या चार ठिकाणच्या डोंगरांत मिळून दीडशेहून जास्त खोदकामं आहेत. भारतात एका गावाभोवती बौद्ध लेण्यांची एवढी दाटी क्वचितच कुठं सापडेल. त्यांत तीसहून अधिक शिलालेख आहेत, आणि त्या लेखांत राजे जवळजवळ नाहीतच. तिथं आहेत ती साधी माणसं आणि त्यांचे धंदे.

लेण्याद्रीचं मोठं चैत्यगृह घ्या. ते दिलं कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त यानं. त्याच डोंगरातलं दुसरं चैत्यगृह आनंदाचं. त्यानं आपल्या बापाचं आणि आजाचं नावही कोरून ठेवलंय. तापस उपासकाचा मुलगा, कपिल उपासकाचा नातू. तीन पिढ्या आणि तिन्हींची ओळख जातीची नाही, कुळाची नाही, ती आहे ‘उपासक’. शिवनेरीच्या चैत्यगृहावर वीरसेनकाचं नाव आहे. तो गृहपतींचा प्रमुख, व्यापारी माणूस. त्याचं दान सर्व लोकांच्या हितसुखासाठी. भरुकच्छाहून म्हणजे आजच्या भडोचहून आलेले बुद्धमित्र आणि बुद्धरक्षित हे दोघे भाऊ दोन खोल्यांचं लेणं देऊन गेले. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दिली. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावं आहेत. गावात धम्मुत्तरिय पंथाच्या भिक्खुणींचा निवास होता, त्याचीही नोंद आहे.

परके म्हणावेत असे लोकही इथं आहेत. इरिल नावाच्या यवनानं दोन पोढ्या दिल्या, चित नावाच्या यवनानं संघाला भोजनमंडप दिला, चंद नावाच्या यवनानं मानमोडीच्या चैत्यगृहाचं दर्शनी काम दिलं. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानं ४६ व्या वर्षी, म्हणजे शक गणनेनं इ. स. १२४ मध्ये, पोढी आणि मंडप करून दिला. त्याचा लेखही मानमोडीलाच आहे. ज्याला मनुस्मृतीवाले म्लेंच्छ म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवतील तो यवन, शक आणि बांबू कापणारा कारागीर, हे सगळे एकाच भिंतीवर, एकाच लिपीत, एकाच प्राकृत भाषेत. आपलं नाव लिहिण्याचा हक्क सगळ्यांना सारखा. मला विचाराल तर जुन्नरच्या लेण्यांतली सर्वांत मोठी क्रांती शिल्पात नाही, ती या हक्कात आहे. पुढे गावगाड्यात हाच हक्क हिसकावला गेला, त्याकडे मी येतोच.

या दात्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती. नुसतं कोरून नाव राहत नाही, त्याला रोज पाणी घालावं लागतं. म्हणून त्यांनी ‘अक्षयनीवी’ ठेवली. मूळ रक्कम किंवा जमीन श्रेणीकडे सोपवायची, मुद्दलाला हात लावायचा नाही, येणाऱ्या उत्पन्नातून लेण्याचा आणि भिक्खूंचा खर्च चालवायचा. अदुथुम नावाच्या शक उपासकानं दोन गावांतल्या २० आणि ९ निवर्तनं जमिनीचं उत्पन्न अशा रीतीने कोणाचिक नावाच्या श्रेणीकडे लावून दिलं. लेखात करंजाची आणि वडाची झाडंसुद्धा आली आहेत. दाता मेला तरी दरवर्षी पीक निघतंय, संघाला पोचतंय, आणि कुणीतरी विचारतंय, हे कुणाच्या नावानं आलं? नाव चालू राहण्याची ही व्यवस्था होती. निकसर्व्हच्या भाषेत सांगायचं तर खातं सक्रिय होतं.

मग खातं बंद कसं पडलं?

आपल्या सभांतून याचं उत्तर एका शब्दात दिलं जातं, प्रतिक्रांती. बाबासाहेबांनी ‘प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती’ या अपुऱ्या राहिलेल्या लेखनात त्याची मांडणी केली आहे आणि ती मला मान्य आहे. पण जुन्नरमध्ये उभं राहून बघितलं तर प्रतिक्रांतीचा एक कारकुनी भाग दिसतो. त्याबद्दल आपण कमी बोलतो. दान देणाऱ्या श्रेणी मोडल्या, संघ विरळ झाला, खोल्या ओस पडल्या. आणि सर्वांत वाईट म्हणजे लिपी वाचणारा माणूस उरला नाही. अक्षरं बदलत गेली आणि भिंतीवरची जुनी नोंद गावातल्या कुणालाच कळेना. पासवर्ड हरवला. नोंद आहे, समोर आहे, उन्हात लख्ख दिसते आहे, पण ‘हा मीच’ असं म्हणायला कुणी नाही. अशा वेळी नेटवर्क काय करतं ते वर सांगितलंय. नाव मोकळं होतं.

तसंच झालं. लेण्याद्रीचा खांबांशिवायचा प्रचंड विहार आहे, भोवती भिक्खूंच्या वीस खोल्या. त्यातल्या मागच्या भिंतीकडच्या मधल्या जागेत गणपती बसला आणि विहाराचं नाव गिरिजात्मज झालं. तुळजा लेण्यात एका खोलीत देवी आली आणि सगळ्या समूहाला तिचं नाव पडलं. त्याच समूहात बारा अष्टकोनी खांबांचं गोल चैत्यगृह आहे, देशातल्या जुन्या चैत्यगृहांपैकी एक, पण ओळख देवीची. मानमोडीवरच्या एका समूहाला भीमाशंकर म्हणतात, दुसऱ्याला भूतलिंग, तिसऱ्याला अंबा-अंबिका. तिसरं नाव नंतरच्या जैन मूर्तींवरून आलं. म्हणजे ओस पडलेल्या नावावर फक्त एकाच धर्माने हात मारला असंही नाही. जो आला त्याने आपली पाटी लावली. ‘भूतलिंग’ म्हणतात त्याच चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर यवन चंदाचं नाव आजही आहे. खाली उभा राहणारा माणूस भूत म्हणतो आणि त्याच्या डोक्यावर दाता दोन हजार वर्षं आपलं नाव सांगत उभा आहे.

लेण्याद्रीला पायऱ्या चढून जाणाऱ्या भक्ताशी माझं भांडण नाही. अष्टविनायकातली दोन स्थानं याच तालुक्यात आहेत, ओझर आणि लेण्याद्री, आणि कष्टकरी बहुजनच तिथं जास्त जातात. माझं भांडण त्या माणसाशी आहे जो सांगतो की हे पहिल्यापासून असंच होतं. ‘लेण्याद्री’ हे नावच त्याला खोटं पाडतं. लेण्यांचा डोंगर. देव बसायच्या आधी तिथं लेणी होती ही कबुली त्या नावातच आहे. आणि ‘लेणं’ हा शब्द कुठून आला? शिलालेखात ‘लेण’ असाच शब्द आहे. भिक्खूंच्या खोदीव निवासाचा शब्द आपण मराठी लोक आजही जसाच्या तसा बोलतो. वाचायला विसरलो, बोलायला विसरलो नाही.

याचा अजून मोठा पुरावा मानमोडी हे नाव आहे. तिथल्या शिलालेखात डोंगराचं नाव ‘मानमुकुड’ असं येतं. मानमुकुड, मानमोडी. राजवटी बदलल्या, धर्म बदलले, लिपी विसरली गेली, पण त्या डोंगराखाली गुरं चारणाऱ्या, शेत कसणाऱ्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसांनी ते नाव पिढ्यान्‌पिढ्या तोंडात ठेवलं. वरच्या लेण्यांची नावं बदलली, कारण ती वापरणारा संघ गेला. डोंगराचं नाव टिकलं, कारण डोंगर वापरणारा माणूस खालीच राहिला. नाव राखतो तो वापरणारा.

ही लिपी पुन्हा वाचता आली ती १८३७ मध्ये, जेम्स प्रिन्सेपमुळे. जुन्नरचे लेख पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी वाचून १८८१ मध्ये पश्चिम भारतातल्या लेणी-लेखांच्या पुस्तकात छापले. हरवलेला पासवर्ड परत मिळाला. पण तो मिळाला सरकारी अहवालांत, इंग्रजीत, आणि पोचला पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत. ज्यांच्या पूर्वजांना गावात पाटीला हात लावायची बंदी होती त्यांच्यापर्यंत तो यायला आणखी शंभर वर्षं गेली. आज आपली पोरं रविवारी वही-पेन घेऊन लेण्यांत बसतात, धम्मलिपीची बाराखडी गिरवतात आणि सुलसदत्ताचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचतात. मी या कामाला मोर्चापेक्षा कमी मानत नाही. नाशिकला बघा. पांडवांचं नाव चिकटलेल्या लेण्यांना आता लोक त्रिरश्मी म्हणू लागलेत, कारण तिथल्या शिलालेखांत डोंगराचं नाव ‘तिरण्हु’ आहे आणि ते कुणीतरी वाचून दाखवलं. कोर्टाचा हुकूम लागला नाही. वाचलं, म्हटलं, म्हणत राहिले.

इथं आपल्याच लोकांना एक सांगायचं आहे. शिलालेखात ‘वीरसेनक’, ‘नंदनक’ अशी नावं दिसली की काही जण लगेच लिहितात, बघा, हे ‘नाक’, म्हणजे हे आपले महार! मोह मलाही होतो. पण शब्दाचा शेवट जुळला म्हणजे वंश जुळत नाही. लेखात जे नाही ते वाचायचं नाही. खोटा पासवर्ड एकदा पकडला गेला की खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही, आणि समोरचा तेवढीच वाट बघत बसलेला असतो.

‘नाक’ या प्रत्ययाची खरी नोंद बघायची असेल तर याच जिल्ह्यात खाली भीमेकाठी या. कोरेगावच्या विजयस्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं कोरली आहेत, त्यात ‘नाक’ लागलेली नावं एकामागून एक आहेत. गावात याच माणसांना कसं हाक मारत? रामा असेल तर राम्या, गंगा असेल तर गंग्या. कुलकर्ण्याच्या दप्तरात बापाच्या नावासकट सगळं नाव यायचं ते वतनदारांचं. महाराची नोंद यायची ती बलुत्याच्या आणि वेठीच्या कामापुरती. ज्या काळात गावच्या नोंदवहीत आम्हाला अर्धं नाव मिळत होतं, त्या काळात दगडावर पूर्ण नाव लागलं ते परक्या कंपनी सरकारच्या पलटणीत गेल्यामुळे. ही गोष्ट अभिमानाची आहे आणि गावगाड्याला लाज वाटावी अशीही आहे. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले. आज दरवर्षी लाखो लोक तिथं जातात. स्तंभ उभारणारं सरकार गेलं, पण नावं चालू आहेत ती या जाण्यामुळे.

बाबासाहेबांचं स्वतःचं नावही एका नोंदवहीतच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव मंडणगडचं आंबडवे. गावावरून पडलेल्या आडनावाची एक गंमत आहे. ते कुठल्याही जातीचं असू शकतं. जुन्नरकर कोण? आंबेगावकर कोण? ओळखून दाखवा. शंभर वर्षांपूर्वीचं ‘कर’ हे आपल्या लोकांचं टोपणनावच होतं म्हणा ना, समोरच्याच्या त्या दुसऱ्या प्रश्नाला अडवून धरणारं. आणि तेच आडनाव पुढे बाबासाहेबांनी इतकं मोठं केलं की आज ते लपण्यासाठी कुणी घेत नाही, उघड होण्यासाठी घेतात. १९२० च्या ३१ जानेवारीला ‘मूकनायक’ निघाला तेव्हा बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं होतं. नाव मागे ठेवून काम पुढे नेण्याची गरज त्यांनाही पडली होती. म्हणून चॅटवर किंवा मोबाईलवर दुसऱ्या नावाने वावरणाऱ्या आपल्या पोरीला किंवा पोराला ‘भित्रा’ म्हणायची घाई करू नका. आधी विचारा की खरं नाव लावल्यावर त्याच्या नोकरीचं आणि तिच्या खोलीचं काय होईल.

आंबेडकर नावासाठी आपण काय मोजलं हे वेगळं सांगायला नको. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला. नोंद झाली, अंमल नाही. वस्त्या जळाल्या, माणसं मेली, सोळा वर्षं गेली आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ठराव आणि पाटी यांच्यामध्ये जे अंतर आहे ते माणसांनी भरून काढलं.

जुन्नरच्या शेजारी दक्षिणेला आंबेगाव तालुका. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते आंबेगाव आज कुठं आहे? घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे. सातबारावर, बसच्या पाटीवर, विधानसभा मतदारसंघाच्या नावात आंबेगाव आहेच. डोंगरातल्या आदिवासी कुटुंबांची घरं आणि शेतं गेली, माणसं पांगली, नाव सरकारी कागदावर सुखरूप राहिलं. मानमोडीचं बरोबर उलटं. तिथं कागद वाचणारा कुणी नव्हता आणि माणसांनी नाव जपलं. इथं कागदानं नाव जपलं आणि माणसांना उठवलं. नाव राखलं म्हणजे माणूस राखला असं होत नाही, हे विसरलो तर आपणही पाट्यांचेच पुजारी होऊ.

आता तिसऱ्या गोष्टीकडे येतो, नोंदवही कुणाची? २०२१ च्या मे महिन्यात फ्रीनोड या जुन्या चॅट नेटवर्कच्या मालकीवरून वाद झाला. वर्षानुवर्षं फुकट राबणारे स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट नावाचं दुसरं नेटवर्क उभं केलं. जून महिन्यात फ्रीनोडच्या नव्या चालकांनी यंत्रणा बदलताना नोंदणीची सगळी जुनी माहितीच सोडून दिली. वीस-वीस वर्षं सांभाळलेली टोपणनावं एका रात्रीत कोरी. पासवर्ड बरोबर होता, माणूस रोज येत होता, तरी नाव गेलं, कारण वही दुसऱ्याच्या हातात होती. तरीही एक झालं. समूहच्या समूह उठून लिबेरावर गेले, तिथं तीच नावं पुन्हा नोंदवली आणि एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी ती मान्य केली. वही गेली तरी संघ शाबूत होता.

आपल्या हातात आज कुठली वही आहे? सर्वांत मोठी येते आहे ती २०२७ च्या जनगणनेची. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध होते २,४८७. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर १९६१ मध्ये ते झाले २७ लाख ८९ हजार ५०१. दहा वर्षांत एवढा बदल केवळ दीक्षाभूमीवर जमल्याने नोंदला गेला नाही. घरोघरी आलेल्या मोजणीदाराला आपल्या आजी-आजोबांनी न घाबरता ‘बौद्ध’ सांगितलं म्हणून तो नोंदला गेला, आणि तेही सवलती जातील या भीतीत. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीचा लाभ बौद्धांना मिळाला तो १९९० च्या दुरुस्तीनंतर. २०११ मध्ये आकडा ६५ लाखांवर होता. या वेळी धर्माचा रकाना आहे आणि जातीचाही आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध म्हणजे बौद्धच, आणि अनुसूचित जातीच्या नोंदीत आपल्या दाखल्यावर आहे ती जात. दोन्ही रकाने भरा आणि काय लिहिलं ते डोळ्यांनी बघा. मोजणीदार ‘तुमचं मी भरून टाकतो’ म्हणाला तर त्याला चहा पाजा, पण फॉर्म वाचल्याशिवाय सोडू नका. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी त्या दिवशी एक वाचणारं पोरगं बसलेलं असू द्या.

लेण्यांची वही पुरातत्त्व खात्याकडे आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा दुसऱ्यांना दाखवण्याआधी आपल्यालाही दाखवायला हवा. मी लेण्यांच्या भिंतींवर बाण मारलेले बदाम पाहिलेत, तसंच खडूनं आणि खिळ्यानं लिहिलेलं ‘जय भीम’ही पाहिलंय. सुलसदत्ताच्या नावाशेजारी खिळ्यानं आपलं नाव ओरबाडणारा पोरगा आपल्या चळवळीतला असेल तर त्याला तिथंच बाजूला घ्या आणि आधी वरची ओळ वाचायला शिकवा.

जुन्नर एसटी स्थानकातून लेण्याद्री फार लांब नाही. पुढच्या रविवारी जाणार असाल तर चैत्यगृहाच्या दर्शनी भागापाशी दहा मिनिटं जास्त थांबा. बरोबर धम्मलिपीचा तक्ता ठेवा. पहिला शब्द ‘कलियाणस’ असा लागेल, कल्याणच्या माणसाचा.